बेथलेहेमचा तारा: गुरू-शनी युती सांगू की नको?

खगोलवेडा_नाशिक
नाताळच्या आठवड्यात सोसायटीच्या गच्चीवर आकाशदर्शन आहे, मला बेथलेहेमच्या ताऱ्यावर बोलायचंय, म्हणजे बायबलच्या मत्तय शुभवर्तमानात पूर्वेकडच्या ज्योतिष्यांना येशूबाळापर्यंत नेणाऱ्या ताऱ्यावर. ठरलेलं उत्तर पाठ आहे: इ.स.पू. ७ मध्ये मीन राशीत गुरू-शनीची तीनदा युती झाली (म्हणजे दोघे आकाशात जवळजवळ दिसले), खगोलशास्त्रज्ञ केप्लरनेही त्यावर आकडेमोड केली होती. पण त्या वेळी दोघांत साधारण एक अंशाचं अंतर होतं, म्हणजे मध्ये दोन पूर्णचंद्र बसतील. २१ डिसेंबर २०२० ची युती त्याच्या कितीतरी जवळची. मग मत्तय एकच तारा का म्हणतो? वर तो तारा पुढे चालतो आणि बाळ असतं तिथे येऊन थांबतो! ग्रह स्तंभी होतात, म्हणजे काही काळ थांबल्यासारखे दिसतात, हे मान्य, पण एका घरावर?

धर्मशिक्षिका_वसई
दादा, दुर्बीण जरा बाजूला ठेवा आणि बायबलमधल्या गणना या पुस्तकाचे अध्याय २२ ते २४ वाचा. मवाबाचा राजा बालाक पूर्वेच्या डोंगरांतून बलाम नावाचा द्रष्टा बोलावतो, कशाला तर इस्राएलला शाप द्यायला. बलाम परका माणूस. पण तोंड उघडलं की आशीर्वादच बाहेर पडतो, आणि २४:१७ मध्ये तो सांगून टाकतो की याकोबातून, म्हणजे इस्राएलातून, तारा निघेल, राजदंड उठेल. आता मत्तय २ बघा. पूर्वेकडून परके ज्योतिषी येतात, कपटी राजा हेरोद त्यांना वापरू बघतो, ते त्याला हूल देऊन दुसऱ्याच वाटेने घरी जातात. सांगाडा तोच! तारा म्हणजे राजा. युती झालीच नाही असं माझं म्हणणं नाही, मत्तयाला तिच्याशी देणंघेणं नाही एवढंच.

(आणि कृपा करून 'तीन राजे' म्हणू नका. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, आकडाही देत नाही. भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन. गोव्यातल्या रेइश मागुशला ६ जानेवारीला मुलं राजे होऊन निघतात, त्याची मजा वेगळी.)

जुनी_नाणी
ताई, मत्तय एरवी ऊठसूट संदेष्ट्यांचे दाखले देतो. बेथलेहेमसाठी मीखा संदेष्ट्याचा दाखला आहे, ताऱ्यासाठी बलाम का नाही?

धर्मशिक्षिका_वसई
कारण ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. इ.स. १३२ मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या शिमोन बर कोसिबाला लोक 'बर कोखबा', ताऱ्याचा पुत्र, म्हणू लागले, ते याच वचनावरून.

जुनी_नाणी
हे पटलं. त्याच्या काही चांदीच्या नाण्यांवर मंदिराच्या माथ्यावर ताराही आहे. रोमन लोकही मागे नव्हते. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरच्या खुनानंतर धूमकेतू दिसला, तो त्याचा आत्माच ठरला आणि ऑगस्टसने नाण्यावर छापला. म्हणजे हेरोदाच्या काळात 'नवा तारा' हे उघड उघड राजकारण. तो घाबरला यात नवल नाही.

खगोलवेडा_नाशिक
बोलणं नाण्यांपासूनच सुरू करतो, युतीला दोन मिनिटं. जाता जाता एक: प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले सात तारे म्हणजे कृत्तिका का?

धर्मशिक्षिका_वसई
आकाशात शोधूच नका, उत्तर तिथेच १:२० मध्ये दिलंय: सात मंडळ्यांचे, म्हणजे ख्रिस्ती समुदायांचे, दूत. इफिसपासून लावदिकीयापर्यंत सगळ्या मंडळ्या आजच्या तुर्कस्तानात. नकाशा लावलात तर गच्चीवरची पोरंही ऐकतील.