एक्स-रे नॉर्मल, पण आईचा हात वर जात नाही

प्रश्न
आई ६४ वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी अंगणात शेवाळावरून घसरली आणि उजव्या हातावर पडली. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, मुका मार आहे म्हणाले. पण अजून तिला अंबाडा घालता येत नाही. डाव्या हाताने उजवा हात उचलला तर पूर्ण वर जातो, सोडला की धपकन खाली येतो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआय करावा की थांबावं?

उत्तर १
फ्रोझन शोल्डर असेल. आमच्या सासूबाईंना शेक आणि व्यायामाने बरं वाटलं.

उत्तर २
फ्रोझन शोल्डर असता तर दुसऱ्याने उचलूनही हात वर गेला नसता. मी डॉक्टर नाही, पण २२ वर्षं एक्स-रे काढतोय, म्हणून कळकळीने लिहितो. एक्स-रेत कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, दिसतच नाही, आणि आईची तीच फाटली असावी असा मला संशय आहे. नॉर्मल म्हणजे हाड मोडलेलं नाही, एवढंच.

फाटलेल्या कंडरेची खूण एक्स-रेत उमटते ती बहुतेक वेळा उशिरा. दंडाच्या हाडाचा गोळा खाली धरून ठेवणारं काही उरत नाही, तो वर सरकतो आणि खांद्याच्या छपराखालची फट कमी होते. ती ७ मिलिमीटरच्या आत आली की मोठ्या फाटीचा संशय घ्यायचा. भिंती रंगवणारे एक काका आले होते, दोन वर्षं मालिश करून. गोळा छपराला टेकलेला, फटच नाही. ती फिल्म अजून डोळ्यांसमोर आहे.

तुमच्या आईचं दुखणं ताजं आहे, फट बहुधा शाबूतच दिसणार. त्यात झोपवून आणि उभ्याने काढलेल्या फिल्ममध्ये ती वेगळी भरते. आधी खांद्याची सोनोग्राफी करा, एमआरआयपेक्षा स्वस्त पडते. करणाऱ्याचा हात बसलेला असला की पूर्ण फाट तीतही चांगली कळते. पण हाडांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. महिने गेले की कंडरा आखडते, स्नायूत चरबी भरते, मग शिवली तरी नीट धरत नाही. मालिश तूर्त नकोच.

प्रश्नकर्ती
दादा, आईला विचारलं, झोपवूनच काढला होता. आणि मालिशवाली रोज येत होती, तिला आजच नको सांगितलं. गुरुवारची सोनोग्राफी ठरली, रिपोर्ट आला की इथे लिहिते.