गाडीतला १२ इंची सबवूफर घरच्या होम थिएटरला: जुनी पेटी चालवावी, की नवी बांधावी?

प्रश्न

नमस्कार. गेल्या महिन्यात जुनी गाडी विकताना डिकीतला १२ इंची सबवूफर (खोल आवाजाचा स्पीकर) आणि त्याचा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा, ॲम्प्लिफायर मी काढून ठेवला. सबवूफरला शंकू हलवणाऱ्या चार-चार ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल (तारेची वेटोळी) आहेत. त्याची पेटी बंद प्रकारची, म्हणजे हवा बाहेर जायला छिद्र नसलेली, असून आतली मापे घेतल्यावर ती साधारण २५ लिटरची भरली. घरी पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा ५.१ रिसीव्हर आहे आणि त्याच्या मागे सबवूफरसाठी एक आरसीए जोडणी आहे. आमची बैठकीची खोली १२ बाय १५ फुटांची, १० फूट उंचीची असून इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पुण्यात आहे.

संगणकाच्या जुन्या एसएमपीएसमधून (वीजपुरवठा करणाऱ्या डब्यातून) ॲम्प्लिफायरला १२ व्होल्ट देऊन मी सगळे जोडून पाहिले. गाडीत ज्या सबवूफरमुळे मागचा आरसा थरथरत असे, तोच घरात पोकळ वाटतो. ढोलाचा ठोका ऐकू येतो, पण चित्रपटातल्या स्फोटाची किंवा विमानाची खोल घरघर जवळजवळ येतच नाही. शिवाय आवाज थोडा वाढवला की एसएमपीएस आपोआप बंद पडतो. सबवूफर खराब झाला आहे का, की दोष पेटीचा आहे? सुताराकडून नवी पेटी करून घेण्याची माझी तयारी आहे, परंतु खर्च करण्यापूर्वी कारण नीट समजून घ्यावे असे वाटते.

प्रतिसाद १

नमस्कार. आपला सबवूफर बहुधा ठणठणीत आहे. गाडीत त्याला जी मदत मिळत होती ती घरात मिळत नाही, एवढाच फरक झाला आहे.

ध्वनीची अर्धी तरंगलांबी जेव्हा बंद जागेच्या सर्वांत लांब मापाहून मोठी होते, तेव्हा त्या जागेत लहरी धावत नाहीत, तर आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वरखाली होतो. गाडीच्या आतली लांबी अडीच मीटर धरली, तर ही सीमा सुमारे ६९ हर्ट्झवर येते. तिच्या खाली प्रत्येक सप्तकाला, म्हणजे वारंवारता निम्मी होईल तितक्या वेळा, १२ डेसिबलपर्यंत वाढ फुकट मिळते. काचा आणि पत्रा थोडे हलत असल्यामुळे प्रत्यक्षात ती थोडी कमी मिळते, पण १२ डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरला सोळापट शक्ती, हे लक्षात घेतले की आपल्या गाडीत काय घडत होते ते समजेल. आपल्या खोलीची १५ फूट लांबी म्हणजे ४.५७ मीटर, त्यामुळे तिथे हीच सीमा सुमारे ३८ हर्ट्झपर्यंत खाली सरकते, आणि त्याखालची वाढही उघड्या दारा-खिडक्यांतून बरीचशी निसटून जाते. गाडीसाठी पेटी बांधणारे कारागीर हा फायदा गृहीत धरूनच लहान पेटी देतात. डिकीची जागा वाचते आणि गाडीत ते योग्यही असते.

आता पेटीचा हिशेब. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात जी पद्धत मांडली, तिच्यामुळे हा हिशेब घरबसल्या करता येतो. त्यासाठी आपल्याला तीन आकडे लागतील. मोकळ्या हवेतली अनुनाद वारंवारता म्हणजे एफएस, त्या अनुनादावर किती लगाम आहे हे सांगणारा क्यूटीएस, आणि सबवूफरच्या हलणाऱ्या शंकूच्या लवचिकतेइतकीच लवचिक असलेली हवा किती लिटर हे सांगणारा व्हीएएस. कागदपत्रे हरवली असतील तरी हे आकडे मोजता येतात. सबवूफर पेटीतून बाहेर काढावा, दोन्ही कॉइल एकसरीत जोडाव्यात, एखाद्या लहान ॲम्प्लिफायरमधून १,००० ओहमच्या रोधाद्वारे त्याला शुद्ध स्वर द्यावा आणि सबवूफरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज मल्टिमीटरवर पाहावा. मोबाइलवरील स्वर-जनक ॲप यासाठी पुरते, आणि साधे मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठीच बनवलेले असल्यामुळे २० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात ते विश्वासाने वापरता येते. ज्या वारंवारतेवर व्होल्टेज शिखर गाठतो ती एफएस. त्यानंतर शंकूच्या मध्याभोवती मुलांच्या खेळण्यातील मातीचे नेमके ५० ग्रॅम वजन सारखे पसरून चिकटवावे आणि शिखर कुठे सरकले ते पाहावे. संगणक जवळ असेल तर रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे आणखी नेटके होते आणि क्यूटीएससुद्धा तेच काढून देते.

आकडे इथे लिहावेत, मग पेटीबद्दल बोलू.

प्रतिसाद २

मी विजेच्या बाजूबद्दल लिहितो, कारण एसएमपीएस बंद पडण्याचे कारण तिथेच आहे.

रिसीव्हरमधील सबवूफरची जोडणी केवळ संकेत देते, शक्ती देत नाही. म्हणून स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतोच, आणि आपला सबवूफर रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलना थेट जोडण्याचा विचार कधीही करू नये. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या तर भार २ ओहम होतो, जो घरगुती ॲम्प्लिफायरला सहसा झेपत नाही; एकसरीत जोडल्या तर ८ ओहम होतो, जो सुरक्षित आहे.

गाडीचा ॲम्प्लिफायर २५० वॅट देत असेल आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तो १३.८ व्होल्टला सुमारे २३ अँपिअर ओढतो. जुन्या, कमी कार्यक्षम अशा एबी वर्गाचा असेल तर हाच आकडा ३० अँपिअरपर्यंत जातो. आपल्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीत १६ किंवा १८ अँपिअर लिहिलेले आढळेल. आवाजाचा मोठा ठोका आला की ती मर्यादा ओलांडली जाते आणि संरक्षण म्हणून तो बंद होतो. काही जण यावर उपाय म्हणून गाडीची बॅटरी समांतर लावतात. बंद खोलीत चार्ज होणारी लेड-ॲसिड बॅटरी हायड्रोजन वायू सोडते, त्यामुळे राहत्या घरात ते करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. दोन एसएमपीएस समांतर जोडणेही चुकीचे, कारण त्यांच्यात भाराची वाटणी समान होत नाही.

माझे मत असे आहे की गाडीचा ॲम्प्लिफायर विकून टाकावा आणि घराच्या विजेवर चालणारा, किंवा ४८ व्होल्टच्या एसएमपीएसवर चालणारा डी वर्गाचा (अधिक कार्यक्षम) ॲम्प्लिफायर बोर्ड घ्यावा. टीपीए ३२५५ या चिपचे बोर्ड ४८ व्होल्टवर ८ ओहमला सुमारे १२० वॅट देतात. पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे बोर्ड आणि एसएमपीएस मिळतात. तरीही गाडीचाच ठेवायचा असेल, तर १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एकच एसएमपीएस घ्यावा, जाड तार वापरावी आणि ॲम्प्लिफायर चालू करणाऱ्या ‘रिमोट’ टर्मिनललाही १२ व्होल्ट द्यायला विसरू नये. २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज आणि अर्थिंग हवेच. जोडणीनंतर ५० हर्ट्झची घुंई ऐकू आली, तर अर्थिंगची पिन काढून ती घालवण्याचा मोह टाळावा. अशा वेळी आधी डिश किंवा केबलची तार रिसीव्हरपासून सोडवून पाहावी, कारण बहुतेकदा दोष तिथेच सापडतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोजमाप केले. एफएस ३० हर्ट्झ आली. ५० ग्रॅम माती लावल्यावर ती २६ हर्ट्झवर आली. सॉफ्टवेअरने क्यूटीएस ०.५ दाखवला आणि व्हीएएस सुमारे ६० लिटर. दोन्ही कॉइलचा एकसरीतला रोध मल्टिमीटरवर ६.८ ओहम भरतो.

प्रतिसाद १

आकडे एकमेकांशी जुळतात. ५० ग्रॅमने ३० वरून २६ म्हणजे हलणाऱ्या भागाचे वस्तुमान सुमारे १५० ग्रॅम, आणि १२ इंची गाडीच्या सबवूफरला ते अगदी स्वाभाविक आहे. कॉइल शाबूत आहेत.

बंद पेटीचा नियम सोपा आहे. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागावे, त्यात १ मिळवून वर्गमूळ काढावे, आणि येणाऱ्या संख्येने एफएस आणि क्यूटीएस दोन्ही गुणावेत. आपल्या २५ लिटरच्या पेटीसाठी ही संख्या १.८४ येते, म्हणजे पेटीतला अनुनाद ५५ हर्ट्झवर जातो आणि क्यू (म्हणजे पेटीतला क्यूटीएस) ०.९२ होतो. ६० लिटरच्या पेटीत हेच आकडे ४२ हर्ट्झ आणि ०.७१ होतात. २५ हर्ट्झवर लहान पेटी सुमारे १३ डेसिबल खाली असते, मोठी सुमारे १० डेसिबल. म्हणजे मोठ्या पेटीने साडेतीन डेसिबल मिळतात, आणि ५० हर्ट्झच्या वरचा जो किंचित फुगवटा आपल्याला पोकळ ठोक्यासारखा जाणवतो तो जातो. गाडीने दिलेली सगळी मदत पेटी परत देईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. उरलेले काम खोलीचा कोपरा आणि थोडे इक्वलायझेशन (ठरावीक स्वर कमी-जास्त करणे) यांनी करावे लागेल.

शक्तीबाबतही एक गोष्ट सांगतो. शंकू एका बाजूला १० मिलिमीटरपर्यंत नीट हलतो असे धरले, तर २५ हर्ट्झवर एक मीटर अंतरावर त्याची सीमा ९८ डेसिबलच्या आसपास येते, आणि ६० लिटरच्या पेटीत त्याला तिथे पोहोचवायला वर सुचवलेले १२० वॅटच जवळजवळ पुरतात. तितकाच आवाज निम्म्या वारंवारतेवर काढायचा तर शंकूला चौपट हलावे लागते. म्हणून ५०० वॅटच्या ॲम्प्लिफायरने खोल आवाज वाढेल ही समजूत सोडून द्यावी.

प्रतिसाद ३

वरील हिशेब योग्य आहे, तरीही पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्यासाठी पाइप, असलेल्या पेटीचा विचार व्हावा असे मला वाटते. माझ्या घरी तशीच पेटी आहे आणि चित्रपटांसाठी मी समाधानी आहे. ९० लिटरची पेटी २५ हर्ट्झवर जुळवायची, म्हणजे पाइपातल्या हवेचा अनुनाद तिथे आणायचा असेल, तर आतून १० सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप सुमारे ३४.५ सेंटिमीटर लांब लागतो. २५ ते ३५ हर्ट्झच्या पट्ट्यात बंद पेटीपेक्षा स्पष्टपणे अधिक आवाज मिळतो.

प्रतिसाद १

आपला अनुभव मी नाकारत नाही, पण या विशिष्ट सबवूफरला ती पेटी मी सुचवणार नाही. त्याचा क्यूटीएस ०.५ आहे आणि एवढ्या क्यूच्या सबवूफरला पोर्ट दिला की आवाज फुगतो. दुसरे, १२ इंची शंकू पूर्ण हलू लागला की १० सेंटिमीटरच्या एकाच पाइपातून हवा फार वेगाने जाते आणि फुसफुस ऐकू येते. दोन पाइप लावावेत म्हटले, तर त्याच जुळणीसाठी प्रत्येकाची लांबी ७६ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि पेटीत कोपर घालावे लागतात. जुळणीच्या खाली शंकूला हवेचा आधार उरत नाही, त्यामुळे तिथे संकेत कापणारी गाळणी नसेल तर सबवूफर इजा करून घेतो. आणि बंद पेटीचा आवाज खाली सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टच्या पेटीचा २४ ने. खोलीकडून मिळणारी थोडीफार वाढ बंद पेटीच्या उताराशी अधिक छान जुळते.

प्रतिसाद ४

मी स्वतः तीन पेट्या बांधल्या आहेत, म्हणून केवळ सुतारकामाबद्दल लिहिते. आतून ४० सेंटिमीटरचा घन म्हणजे ६४ लिटर. त्यातून सबवूफरचे धड आणि आतल्या आधारपट्ट्या यांची जागा वजा केली की सुमारे ६० लिटर उरतात. १८ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला तक्ता) घेतला तर पेटी बाहेरून ४३.६ सेंटिमीटरची होईल आणि आठ बाय चार फुटांच्या एका तक्त्यात दुहेरी पुढच्या फळीसह सगळे बसेल. पुण्यात एमडीएफ चालतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी मात्र चांगला वॉटरप्रूफ प्लायवुड घ्यावा, कारण पावसाळ्यातील दमट हवेत एमडीएफच्या उघड्या कडा फुगतात.

समोरासमोरच्या भिंतींना जोडणारी किमान एक आधारपट्टी बरोबर मध्यापासून किंचित बाजूला लावावी. सांधे फेव्हिकॉलने चिकटवून आतून सिलिकॉनने बंद करावेत. गोल छिद्र कापण्यापूर्वी आपल्या सबवूफरच्या चौकटीचे माप स्वतः घ्यावे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या १२ इंची चौकटींत काही मिलिमीटरचा फरक असतो. सुताराला ‘हवाबंद’ हा शब्द दोनदा सांगावा. त्याला कपाटांची सवय असते आणि कपाटात बारीक फट चालते, पण इथे त्या फटीतून शिट्टी वाजते. उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा तंतू आत सैलसर भरला की पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते.

जागा ठरवताना सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या ठिकाणी ठेवून कमी स्वरांचे संगीत लावावे आणि भिंतींच्या कडेने जमिनीजवळ कान नेत फिरावे. जिथे आवाज सर्वांत सारखा आणि भरीव वाटेल तिथे पेटी ठेवावी. तिसऱ्या मजल्यावर राहता, म्हणून पेटीखाली जाड रबर द्यावे. त्याने फरशीतून जाणारी थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा खोल आवाज भिंतींना जुमानत नाही. त्यामुळे रात्री दहानंतर रिसीव्हरवरून सबवूफरची पातळी उतरवणे शेजाऱ्यांसाठी आवश्यक आहे.

प्रश्नकर्ता

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. टिंबर मार्केटमधून तक्ता आणून पेटी बांधून घेतली. सबवूफर बसवल्यावर पुन्हा तोच स्वर देऊन मोजले, तेव्हा शिखर ४३ हर्ट्झवर आले. हिशेबात ४२ होते. नव्या पेटीच्या पहिल्या मोजणीत ते ४७ आले होते, कारण मी तंतू पुरेसा भरला नव्हता आणि आधारपट्ट्या अपेक्षेहून जाड झाल्या होत्या.

ॲम्प्लिफायर ४८ व्होल्टचा घेतला, कॉइल एकसरीत आहेत, आणि रिसीव्हरवर ८० हर्ट्झची सीमा ठेवली आहे, म्हणजे त्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात. सोफ्यामागच्या कोपऱ्यात पेटी ठेवल्यावर खोल घरघर प्रथमच जाणवली, परंतु ३८ हर्ट्झच्या आसपास एक जड गुंजन राहिले होते. ते खोलीच्या लांबीमुळे आहे हे आपल्या हिशेबावरून ओळखता आले, म्हणून पेटी कोपऱ्यापासून १५ फुटी भिंतीच्या कडेने सुमारे एक मीटर पुढे आणली. गुंजन बरेच कमी झाले आणि २५ हर्ट्झचा स्वर अजूनही बसल्या जागी ऐकू येतो. गाडीतल्यासारखा दणका नाही, पण ढोलाच्या ठोक्यानंतर त्याची घुमणारी शेपटीही आता ऐकू येते, जी गाडीत कधीच वेगळी ओळखता आली नव्हती. पेटीची मापे आणि कापणीची रेखाकृती रविवारी इथे जोडतो.