मदत हवी आहे : अर्ध्या तासानंतर गाडीचा एसी गार हवा देत नाही, कंप्रेसर बदलायला सांगताहेत

नमस्कार. दोन महिने एकाच दुखण्यासाठी गॅरेजच्या वाऱ्या चालू आहेत. आता मोठा खर्च समोर आलाय, म्हणून त्याआधी इथे विचारते.

गाडी पेट्रोलवरची, ९ वर्षं जुनी, हाताने फिरवायच्या बटणांचा साधा एसी. सुरुवातीला उत्तम गार होतो. ३५-४० मिनिटं झाली की मधल्या जाळीतली हवा एकाएकी कोमट होते. एसी १०-१५ मिनिटं बंद ठेवून फरक पडत नाही. गाडी तासभर उभी राहिली की मात्र पुन्हा ठणठणीत! गॅरेजमध्ये नेते तेव्हा तो चालतच असतो, त्यामुळे माझं म्हणणं कुणाला दाखवताही येत नाही.

पहिल्या गॅरेजने गॅस कमी झालाय म्हणून भरून दिला. दुसऱ्या दिवशी तेच. दुसऱ्या गॅरेजने पुन्हा थोडा भरला आणि आता म्हणतात, कंप्रेसर गेला, नवा टाका.

बाबांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे. दर पंधरा दिवसांनी त्यांना तपासणीला न्यावं लागतं, एका बाजूला सव्वा तास. मागच्या वेळी परतताना त्यांना इतका घाम फुटला की गाडी सावलीत घेऊन आम्ही बसून राहिलो. कंप्रेसर बदलूनही हेच झालं तर काय, ही धास्ती आहे. त्याआधी काय तपासून घ्यावं?

प्रतिसाद

कॅबिन फिल्टर कधी बदलला होता? तो तुंबला की कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो. माझ्याकडे तेच निघालं होतं.

प्रतिसाद

गेलेला कंप्रेसर तासभर विश्रांती घेऊन ठणठणीत होत नाही. घाई करू नका. आधी तीन गोष्टी स्वतः बघून सांगा.

हवा कोमट होते तेव्हा तिचा जोर कमी होतो का? जोर मंदावत असेल तर वरच्या प्रतिसादात म्हटलंय तसा बर्फ. त्यात फिल्टर, कूलिंग कॉइलचा तापमान सेन्सर किंवा कमी गॅस, यांपैकी काहीतरी निघतं. पण बर्फ असता तर एसी थोडा वेळ बंद ठेवून नुसता पंखा चालवल्यावर तो वितळला असता. तुमच्याकडे तसं होत नाही, म्हणून माझा कल दुसरीकडे आहे.

दुसरं, गाडी पळताना गार आणि सिग्नलला थांबली की कोमट, असं होतं का? तसं असेल तर कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेली गॅस निववणारी जाळी, तिचा पंखा आणि तिच्यावरचा कचरा बघायचा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. हवा कोमट झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून बॉनेट उघडा. टॉर्च मारून कंप्रेसरच्या तोंडाकडे बघा. बाहेरची पुली पट्ट्याबरोबर कायम फिरते. तिच्या पुढची गोल प्लेट फिरते आहे की उभी आहे? नुसतं लांबून बघायचं. केस बांधा, सैल कपडे नकोत. काहीजण काठीने प्लेट ढकलून बघायला सांगतात, ते अजिबात करू नका.

धागालेखिका

आज मुद्दाम ५० मिनिटं चालवली. जाळीत थर्मामीटर ठेवला होता : आधी ८ अंश, मग दहा मिनिटांत २७. हवेचा जोर शेवटपर्यंत तोच. थांबण्या-पळण्याने फरक नाही. आणि प्लेट उभी होती! बटण बंद-चालू केलं तरी नेहमीचा 'टक' आवाज आला नाही. फिल्टर चार महिन्यांपूर्वीचा आहे.

प्रतिसाद

मग कंप्रेसरचा क्लचच (ती प्लेट चुंबकाने पुलीला जोडणारा भाग, गिअरचा नव्हे) लागत नाही. आता प्रश्न एकच : त्याला वीज पोहोचते का? गाडी गरम असतानाच क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावून घ्या. वीज नसेल तर रिले, प्रेशर स्विच, सेन्सर या बाजूने शोधायचं. १२ व्होल्टच्या वर दाखवत असूनही प्लेट ओढली जात नसेल, तर क्लचची कॉइल तरी खराब किंवा प्लेट आणि पुलीमधली फट तरी वाढलेली.

जुन्या गाड्यांत ही फट झिजून वाढते. क्लचची कॉइल हा विद्युतचुंबक. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिनाजवळ ती २० वरून १०० अंशांवर गेली की रोध जवळपास ३० टक्क्यांनी चढतो आणि प्रवाह पाऊणपट उरतो. थंड असताना चुंबक मोठी फटसुद्धा ओढून घेतो, तापल्यावर त्याची ताकद पुरत नाही. गाडी निवली की पुन्हा ओढतो. तुमचं लक्षण असंच आहे. बऱ्याच कंप्रेसरमध्ये प्लेटखालची शिम (पातळ चकती) काढून फट कमी करता येते. किती हवी हे तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा, बहुतेक ठिकाणी ०.३ ते ०.६ मिमीच्या आसपास असते.

प्रतिसाद

एक भर घालतो. काही नव्या गाड्यांच्या कंप्रेसरला असा क्लच नसतोच, त्यात प्लेट सतत फिरते. वाचणाऱ्यांनी आपली गाडी कोणती ते आधी बघावं.

आणि ताई, दोनदा अंदाजाने भरलेल्या गॅसचं काय? गॅस वापरून संपत नाही, कमी झाला तर गळती असते. दोघांपैकी कुणी गळती शोधली का? बंद गाडीला गेज लावून प्रमाण कळत नाही. आत थोडा जरी द्रव गॅस असला तरी आर-१३४ए (गाडीच्या एसीतला गॅस) चं गेज ३० अंशांना ९७ पीएसआय दाबाच्या जवळपासच दाखवतं, भरलेला कमी असो की जास्त. जास्त झाला तर दाब चढून प्रेशर स्विच कंप्रेसर बंद पाडतो. सगळा गॅस मशीनने काढून, व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तितकेच ग्रॅम भरून घ्या. तो हवेत सोडू देऊ नका.

धागालेखिका

तिसऱ्या गॅरेजमध्ये गेले. गाडी तापेपर्यंत मेकॅनिकला शेजारी बसवून फिरवली आणि तिथेच बॉनेट उघडलं. वायरवर १३.८ व्होल्ट, प्लेट उभी. फीलर गेजने फट ०.९ मिमी भरली. एक शिम काढून ती ०.५ वर आणली, क्लचची कॉइल तपासली तर चांगली आहे. सगळं मिळून पाऊण तासाचं काम.

काल बाबांना घेऊन गेले. जाताना आणि येताना जाळीत ९-१० अंश, एसी एकदाही तुटला नाही. येताना ते मागे झोपले होते.

गॅस काढून मोजायचं मशीन त्यांच्याकडे नव्हतं, ते सोमवारी दुसरीकडे करून घेते. किती ग्रॅम निघाला ते इथेच लिहीन. गळती शोधताना नायट्रोजन भरून बघणं बरं की अतिनील प्रकाशात चमकणारा रंग टाकणं? कुणी दोन्ही केलं असेल तर सांगा.