प्रतिसाद: महाडीबीटीचा अर्ज मंजूर, पण पैसे कुठे?

वर विचारलंय, की महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज मंजूर आहे, बँक म्हणते आधार लिंक आहे, मग शिष्यवृत्ती जमा का होत नाही? कारण लिंक आणि सीडिंग या वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी आधार दिलं की खातं लिंक होतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे मात्र एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या मॅपरमध्ये (आधार-बँक नोंदवहीत) आधारसमोर ज्या बँकेची नोंद आहे तिथे जातात. ही नोंद म्हणजेच सीडिंग, आणि ती एकाच वेळी एकाच बँकेची राहते. मध्येच दुसऱ्या बँकेत डीबीटीची संमती दिली, की जुनी नोंद गेली. अशा वेळी पैसे त्या दुसऱ्या बँकेत जमा झालेले असतात, फक्त आपण भलतंच पासबुक भरून आणत असतो!

यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव आणि ‘अॅक्टिव्ह’ हा शब्द, दोन्ही दिसायला हवेत. नसेल तर शाखेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असं स्पष्ट लिहून संमतीपत्र द्या; नुसतं ‘आधार जोडा’ म्हणालात तर पुन्हा केवायसीच होईल. खातं बंद पडलेलं असेल तर आधी ते सुरू करून घ्या.

अर्ज ‘सेंट बॅक’ (त्रुटीमुळे परत पाठवलेला) दिसत असेल तर प्रकरण निराळं. शेरा वाचा, कागद बदला आणि पुन्हा सबमिट करा. नुसतं सेव्ह केलेला अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातच नाही. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचाच लागतो, नोकरदारांना मिळणारा पगार-कराचा फॉर्म १६ चालत नाही.