आजोबांच्या धोकटीतील दोन दगड: ओळख आणि वापराबाबत मार्गदर्शन हवे

जुनीधार:
आजोबांच्या धोकटीत जर्मनीतील सोलिंगेनचे दोन वस्तरे आणि धार लावण्याचे दोन दगड मिळाले. पहिला सुमारे सहा इंच लांब असून त्याचा वरचा थर फिकट पिवळा, खालचा जांभळट निळा आहे. मधोमध तो इतका झिजला आहे की त्यावर पोलादी पट्टी उभी धरल्यास खालून उजेड दिसतो. दुसरा तपकिरी, तळहातात मावेल एवढा असून त्यावर ‘स्वाटी’ हे नाव कोरलेले आहे. हे दगड कोठले असावेत? त्यांवर तेल घालावे की पाणी? पहिल्याचा खळगा घासून काढला तर जुन्या वस्तूचे मोल कमी होईल का?

पाषाणप्रेमी:
वर्णनावरून पहिला दगड बेल्जियमचा कोटिक्युल वाटतो. आर्देन प्रदेशातील व्हिएलसाल्मच्या परिसरात निळसर पाटीच्या दगडात याचे पातळ पिवळे पट्टे सापडतात. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात आणि ते अनेक पैलूंचे, जवळजवळ गोल असल्यामुळे पोलादावर खोल ओरखडे न पाडता ते घासतात. पिवळा थर ठिसूळ असल्याने त्याला पाटीचा आधार चिकटवण्याचीही पद्धत होती. म्हणून दगडाची कड भिंगाखाली पाहावी: सांध्यात डिंकासारखी रेघ दिसली तर जोड कृत्रिम आहे, आणि असा दगड पाण्यात भिजत ठेवू नये किंवा तापवू नये.

स्वाटी हा खाणीतला दगड नव्हे. तो कारखान्यात बनवलेला आहे. तो बनवणारी स्वाटी ही कंपनी 1879 साली मारिबोर येथे सुरू झाली. ते शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते, आज स्लोव्हेनियात आहे.

सपाटी:
खळगा अवश्य काढावा. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकतात व पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरतो. दगड खोलगट असला की पाते सर्वत्र सारखे टेकत नाही आणि धार ठिकठिकाणी वेगळी लागते. संग्राहकाला झिजलेला दगड प्रिय असेल, पण दाढीला त्याचा उपयोग नाही.

जाड काचेवर 220 क्रमांकाचा वॉटर पेपर (पाण्यासह वापरायचा घासकागद) पसरावा, दगडावर पेन्सिलीने जाळी आखावी आणि भरपूर पाणी घालून सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंत घासावे. नंतर 400 व 600 क्रमांकाचा कागद वापरून पृष्ठभाग गुळगुळीत करावा आणि काठाच्या कडा किंचित गोलसर कराव्यात. कोरडे मुळीच घासू नये, कारण ही धूळ फुप्फुसांना घातक असते.

जुनीधार:
आभारी आहे. सांध्यात डिंकाची रेघ दिसत नाही. सपाट केल्यावर पुढे कसे करावे?

पाषाणप्रेमी:
तेलाची गरज नाही, पाणी पुरे. सहाणेवर चंदन उगाळावे तसा त्याच जातीचा लहान तुकडा पिवळ्या बाजूवर फिरवला की दुधाळ द्रव तयार होतो. मोकळ्या झालेल्या गार्नेटमुळे तो भराभर कापतो. पाठ व धार दोन्ही टेकलेली ठेवून, धार पुढे करून, जवळपास वजन न देता वस्तरा ओढावा आणि प्रत्येक वेळी पाठीवरून उलटवावा. धारेवरून उलटवल्यास ती लगेच बोथटते. हळूहळू पाणी वाढवत तो द्रव पातळ करत जावे आणि शेवटच्या फेऱ्या निव्वळ पाण्यावर घ्याव्यात, कारण तेव्हा दगड कापण्याऐवजी जिल्हई करू लागतो. त्यानंतर चामड्याचा पट्टा, आणि त्यावर मात्र पाठ पुढे ठेवून ओढणे.

सपाटी:
स्वाटीचा उपयोग रोजची धार जराशी मंदावल्यावर. त्यावर साबणाचा फेस लावून दोन-चार हलके हात पुरेत. जास्त घासल्यास धार खरखरीत होते. दुकानात गिऱ्हाईक बसलेले असताना न्हाव्याला एवढाच वेळ मिळत असे, आणि हे दगड त्याचसाठी बनत. अर्धे ब्लेड बसवायचे वस्तरे आल्यापासून सलूनमधून दोन्ही दगड गेले. तुमच्या वस्तऱ्यांच्या धारेवर खळी किंवा गंज असेल तर या दोहोंपैकी एकही पुरणार नाही. आधी 1000 क्रमांकाच्या दगडावर पाते दुरुस्त करून मगच कोटिक्युलकडे यावे.