सात जण बाद, एक आठवडा: क्लॅक्स्टनला 'पहिला' म्हणायचं का?

डावखुरा
जिथे तिथे वाचतो: विसाव्या शतकात गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये शिरलेला पहिला काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन, १९४६, माँट्रियल रॉयल्स. मग जिमी क्लॅक्स्टन कुठे गेला? २८ मे १९१६, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची पॅसिफिक कोस्ट लीग, ओकलंड ओक्स संघाचा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा). त्या दिवशीच्या दोन सामन्यांत मिळून जेमतेम सात जण बाद होईपर्यंत पिचिंग केलं, चार हिट दिल्या, तीन वॉक (चुकीच्या फेकींमुळे फलंदाजाला फुकट पहिला बेस). ३ जूनला नारळ. तरी रॉबिन्सनच्या ३० वर्षं आधी!

बाराखडी
असहमत. तो काळा म्हणून उतरलाच नव्हता. ओक्लाहोमाच्या जमातीतला 'इंडियन', म्हणजे अमेरिकन आदिवासी, म्हणून त्याला पुढे केलं होतं. (जन्म कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातला!) सगळ्यांना माहीत असताना शिव्या खात खेळला तो रॉबिन्सन.

शेवटचं बाक
अगदीच खोटं नव्हतं हो ते. वडिलांकडून काळे, फ्रेंच आणि आदिवासी, आई आयरिश-इंग्लिश. यातलं कोणतं आधी सांगायचं ते त्यानं ठरवलं, बिघडलं काय? काळ्यांवरची बंदी तरी कुठे लिहून ठेवली होती? संघमालकांचा आपापसातला समझोता.

गल्लीतला अंपायर
रंग राहू द्या, तीन वॉक बघा. एवढ्यावर कुणालाही काढतील.

डावखुरा
कुणालाही? ओक्स त्या मोसमात तळाला राहिले. पिचरांची रांग लागली होती थोडीच! आणि क्लॅक्स्टन स्वतः पुढे सांगायचा की एका मित्रानंच बिंग फोडलं. पिचिंग वाईट असतं तर पुढे अनेक वर्षं ठिकठिकाणच्या संघांनी कशाला घेतलं असतं? १९३२ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर, काळ्यांच्या लीगमध्येही खेळला.

बाराखडी
पिचिंगबद्दल माझी तक्रार नाही. पण ओळख लपवून शिरलेला चालणार असेल, तर 'पहिला' ठरवणार कसा? ज्यांचं बिंग फुटलंच नाही असे त्याच्याआधी किती खेळून गेले असतील? क्लॅक्स्टन फार तर पहिला सापडलेला.

शेवटचं बाक
हे मात्र बिनतोड. पण नेमका त्याच आठवड्यात मिठाईबरोबर खेळाडूंची फोटो-कार्डं देणाऱ्या झी-नटवाल्यांचा फोटोग्राफर ओकलंडला आला आणि क्लॅक्स्टनचंही कार्ड निघालं. माणूस संघाबाहेर, कार्ड पोरांच्या खिशात! अमेरिकन बेसबॉल कार्डावरचा पहिला काळा खेळाडू, एवढं तरी द्याल?

बाराखडी
कार्डापुरतं दिलं.