कांदेबाग केळी थंडीने पिवळी पडली, पण निंबाच्या सावलीतली हिरवी कशी?

रावेरचा केळीवाला:
रामराम मंडळी. माझी कांदेबाग आहे, ग्रँड नैन जात, ऑक्टोबरची लागण, 5 बाय 6 फुटांवर 3,000 खोड. आठ दिवसांपासून पहाटे बांधावरचा तापमापक 7-8 अंश दाखवतोय. दिवसा आभाळ एकदम निरभ्र, ऊन कडक. पानं फिकट पिवळी पडलीत, पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, जागच्या जागी बसलाय. दुकानदार म्हणतो झाड उपाशी आहे, युरिया सोडा.

पण एक कोडं सुटत नाही. पूर्वेच्या बांधावर जुना निंब आहे. त्याची सावली सकाळी साडेनऊपर्यंत ज्या चार ओळींवर असते, त्या अजून हिरव्या आहेत. खत तेच, ठिबक तेच. थंडी तर सगळ्या वावरात सारखीच ना? मग हा चरका थंडीचा की उन्हाचा?

चोपडेकर:
भाऊ, झाडाखाली रात्री ऊब राहते. उघड्या वावरातली उष्णता सरळ आभाळात निघून जाते, निंबाखाली तेवढी जात नाही. मला तरी एवढंच कारण वाटतं.

रावेरचा केळीवाला:
मलाही आधी तसंच वाटलं दादा. म्हणून आज निंबापासून लांबची खोडं पाहिली. एका पानावर वरचं पान आडवं आलेलं होतं. ते बाजूला केलं तर खालच्या पानावर बरोबर त्याच्या सावलीएवढा हिरवा पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं. एकच पान, एकच रात्र!

यावलचा बागवान:
भाऊ, तो पट्टा पाहिलात तिथंच उत्तर आहे. चोपडेकर म्हणतात ते खरं आहे, पण ते अर्धंच. नुकसान गारठलेल्या पानावर पडलेल्या उन्हाचं आहे.

पानात दोन कामं चालतात. हरितद्रव्य उजेड पकडतं, आणि त्या ऊर्जेवर विकरं (एन्झाइम) हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर करतात. उजेड पकडायला ऊब लागत नाही, 7 अंशालाही तो तितकाच पकडला जातो. विकरांचं काम मात्र थंडीत मंदावतं. त्यात तयार झालेली साखरही पानातून पुढे सरकत नाही. म्हणजे धान्य मळणीयंत्रात पडतंच आहे आणि पुढचं तोंड बंद. न वापरलेली ऊर्जा मग ऑक्सिजनवर जाते, त्याची जहाल रूपं तयार होतात आणि ती पानाची यंत्रणाच जाळतात. हरितद्रव्यही त्यातच जातं, म्हणून पिवळेपणा.

1994 साली जपानी संशोधकांनी काकडीची पानं 4 अंशांत, भर उन्हात नव्हे तर मध्यम उजेडात, काही तास ठेवली. पानात उजेड वापरणाऱ्या दोन यंत्रणा असतात, पहिली आणि दुसरी प्रकाशप्रणाली. तेव्हा मोडली ती पहिली. तोवर सगळ्यांचा संशय दुसरीवर होता. दुसरी मोडली तर झाड ती उबेत बऱ्यापैकी लवकर दुरुस्त करतं, पहिलीला दिवसच्या दिवस लागतात. काकडी वेगळी, केळी वेगळी, पण दोघीही उष्ण मुलखाच्या लेकी. गहू-हरभरा थंडीला सरावतात, यांना तो सराव जमत नाही.

आता युरियाचं. कृपा करून सोडू नका. मी दोन वर्षांपूर्वी असंच पिवळं पाहून युरिया सोडला होता. गारठलेल्या मुळांनी घेतला काहीच नाही, पैसे मातीत गेले, आणि खरी दुरुस्ती झाली ती थंडी ओसरल्यावरच. भूक नाही हो त्याला, हातपाय गारठलेत.

रातपाळीची लाईट असेल तर पहाटे बोअरचं पाणी द्या, ते हवेपेक्षा कोमट असतं. उत्तरेच्या बांधाला वारा अडवा. पूर्वेला ग्रीन नेट उभी बांधा, म्हणजे कोवळं ऊन थेट गार पानावर पडणार नाही. पण वरून झाकू नका, पान तापायलाही हवंच आहे. पहाटे काडीकचऱ्याचा धूर करायची आपल्याकडची रीतही वाऱ्याविना रात्री कामाची आहे.

रावेरचा केळीवाला:
लई उपकार भो. युरियाचं पोतं ट्रॅक्टरमध्येच ठेवलंय, उद्या परत करतो. एक राहिलं विचारायचं: ही पिवळी पानं कापून टाकू का? बाग फार वाईट दिसते.

यावलचा बागवान:
नका. करप्याचे ठिपके असतील तर तेवढा रोगट भाग काढा, बाकी ठेवा. त्या पट्ट्यात अजून हिरवं आहे ना, ते दुपारी काम करतंच आहे. नवा पोंगा सुटेपर्यंत खोडाचं सगळं त्याच पानांवर चालणार. निंबाच्या चार ओळी आणि बाहेरच्या चार, दोन्हीकडे आजच्या पोंग्याला सुतळी बांधून ठेवा आणि पंधरा दिवसांनी कुठं किती पानं निघाली ते इथं लिहा. मला खरंच पाहायचंय.